बाळंतविड्याची यादी

लग्नाची यादी करणे हे आपल्याकडे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. दोन्ही घरची कर्ती मंडळी समोरासमोर बसतात, कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहिला जातो आणि मानपानाच्या एकेका कलमाचा निकाल लागत जातो. बाळंतविड्याच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. ती यादी कागदावर कधी उतरली नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडी ती असे आणि तिच्या स्मरणाबरोबरच ती पुढच्या पिढीत जाई किंवा लोपून जाई. म्हणूनच तिचा इतिहास शोधू जाता दप्तरांपेक्षा आयुर्वेदाचे ग्रंथ, गृह्यसूत्रे आणि घरोघरच्या चालीरीती यांचाच आधार घ्यावा लागतो. अलीकडे परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांकडून, मूल जन्मण्यापूर्वीच एखाद्या दुकानात भेटवस्तूंची यादी नोंदवून ठेवण्याची तिकडची पद्धत आपल्या कानी येऊ लागली आहे, आणि त्यावर 'हे काय मागणे?' असा नाराजीचा सूरही घरातील वडील मंडळी काढतात. तेव्हा नवजात बालकासाठी काय न्यावे, ते कोणी ठरवावे आणि केव्हा ठरवावे, या प्रश्नांचा मागोवा घेणे अस्थानी होणार नाही असे वाटते.

आपल्याकडील या विषयाची अत्यंत प्राचीन आणि तपशीलवार यादी चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून सिद्ध ठेवावे असे तेथे सांगितले असून त्यात कोणता संभार असावा याची मोजदाद दिली आहे. तूप, तेल, मध, सैंधव, वावडिंग, देवदार, सुंठ, पिंपळी, लसूण, मोहरी ही औषधी द्रव्ये, उखळ-मुसळ, धारदार शस्त्रे, बेलाच्या लाकडाचे पलंग, अग्नी पेटविण्यासाठी लाकडे, आणि या सर्वांबरोबर, ज्यांची स्वतःची अनेक बाळंतपणे झाली आहेत अशा प्रेमळ व कष्टाळू स्त्रिया. यादीत माणसांचाही समावेश करावा हे त्या ग्रंथकाराला सुचले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आजच्या कोणत्याही दुकानाच्या यादीत ही बाब सापडणार नाही.

बालकाच्या खोलीविषयी चरकाने जे लिहिले आहे ते तर आजच्या वाचकाला थक्क करणारे आहे. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुवासिक असावे. घाम, मळ, मूत्र यांनी बिघडलेले किंवा उवा झालेले टाकून द्यावे. पण नवे घेण्याची ऐपत नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, चांगले वाळवून पुन्हा वापरावे. गरिबाच्या घराचा विचार करून घातलेली ही सवलत अत्यंत महत्त्वाची आहे. आपल्या घरोघरी बाळाला पहिले वस्त्र नवे न घालता आजीच्या जुन्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे घालण्याची जी चाल आहे, तिच्यामागे दृष्ट न लागण्याची समजूत असेलही. परंतु शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ कापड कोणत्याही पेठेत मिळत नाही, हे त्या आजीला पुरते ठाऊक होते. खेळण्यांविषयी संहितेची अट अशी की ती चित्रविचित्र, आवाज करणारी आणि मनोहर असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील एवढी लहान नसावीत, जीवावर बेतणारी नसावीत आणि बालकाला भिवविणारी नसावीत. आज खेळणी बनविणाऱ्यांना कायद्याने ज्या अटी पाळाव्या लागतात, त्यांतील बऱ्याचशा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका वैद्याने अशा रीतीने सांगून ठेवल्या आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्राचीन म्हणून सर्वच ग्राह्य, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात जातकर्माच्या वेळी सोन्याने उगाळलेले मध-तूप बालकाला चाटविण्याचा विधी आहे, आणि त्याची आठवण म्हणून मधाची बाटली व सोन्याचा वळसा पुष्कळ घरी अजून सिद्ध ठेवतात. परंतु १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात तान्ह्या मुलांना होणारा एक विषबाधेचा रोग ओळखला गेला आणि त्याचे जंतू मधातून पोटात जाऊ शकतात हे पुढे सिद्ध झाले. तेव्हापासून वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये असे डॉक्टर एकमुखाने सांगतात. सोने ठेवावे, मध वगळावा.

आता आपल्या बाळंतविड्याकडे वळू. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला दंडक. त्यामुळे विड्याचा मुख्य भार माहेरावर पडे आणि मावश्या, आत्या, माम्या आपापल्या परीने त्यात भर घालीत. त्याचे सरळसरळ दोन भाग होत. पहिला बाळंतिणीचा: डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, साजूक तूप, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, विड्याची पाने-सुपारी, धुरीची शेगडी, आणि एक साडी-चोळी. दुसरा बाळाचा: झबली-टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, मोहरीची उशी, पायांत वाळे, हातांत मनगट्या किंवा बिंदल्या, दृष्टीचा मणी, चांदीची वाटी आणि बोंडले, खुळखुळा, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे, आणि मूल पाय टाकू लागले की त्याच्यापुढे ढकलायला पंगुळगाडा. पाचवीला सटवाई बाळाच्या ललाटी लेख लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची. ती मात्र कोणी भेट म्हणून आणीत नसे, घरचीच असे.

या यादीतील जवळजवळ निम्मे जिन्नस आईसाठी आहेत ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. नव्या पद्धतीच्या भेटींत बाळाचा पोशाख आठ-आठ, दहा-दहा येतो आणि रात्रभर जागलेल्या बाळंतिणीच्या वाट्याला एक पुष्पगुच्छ येतो. जुन्या बायकांचे गणित निराळे होते. बाळाचे पोट आईच्या पोटावर अवलंबून आहे, तेव्हा लाडवाचा डबा हाच बाळाचा पहिला आहेर, असे त्या मानीत. कुंचीचेही तसेच. ती केवळ हौसेची वस्तू नव्हे. जन्मलेल्या बालकाच्या शरीराची बरीचशी ऊब त्याच्या डोक्यावाटे निघून जाते, आणि कुंची डोके, कान व पाठ एकाच वस्त्रात झाकते.

मग ही यादी आधी का लिहिली जात नसे? 'मूल हाती येईपर्यंत काही आणू नये' हा संकेत आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. चरकाने संभार नवव्या महिन्याआधी जमविण्यास सांगितले असल्यामुळे या संकेताला शास्त्राचा आधार आहे असे म्हणता येत नाही. त्याचे मूळ भीतीत आहे, आणि ती भीती खोटी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. मुंबई शहराचा १९२१ सालचा आकडा तर दर हजारी सहाशेच्या वर गेलेला दिसतो. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. मुंबईत राहणाऱ्या पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी, माहेरी जात; त्यामुळे जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल घेऊन त्या चाळीतल्या खोलीत परतल्या की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. माहेरच्या बाळंतपणाची आपली चाल सरकारी कोष्टकात अशी उमटलेली आहे. तरीही चाळींतील अंधाऱ्या, दमट खोल्यांत मुले मोठ्या संख्येने जात होती यात शंका नाही. ज्या घरात दोन पाळणे रिकामे झाले असतील त्या घरातील आजी तिसऱ्या खेपेस आधी झबले शिवणार नाही, हे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारतात हे प्रमाण १९७१ साली दर हजारी १२९ होते. २०२० साली ते २८ वर आले. संकेत टिकून राहिला, त्याला जन्म देणारी परिस्थिती पुष्कळ अंशी पालटली.

अमेरिकेतील पद्धतीचा उगम याहून अगदी वेगळा, म्हणजे व्यापारी आहे. शिकागो शहरातील मार्शल फील्ड या मोठ्या पेढीने १९२४ साली नवरीच्या पसंतीच्या वस्तूंची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. हेतू असा की एकाच घरी चहाचे चार संच जाऊ नयेत, आणि अर्थातच सर्व खरेदी आपल्याच दुकानातून व्हावी. १९९३ साली टार्गेट या दुकानाने यंत्राच्या साह्याने ग्राहकाने स्वतःच वस्तू नोंदविण्याची सोय केली. लग्नाची ही पद्धत पुढे बाळाच्या भेटींनाही लागू झाली. हिच्यात एक सोय खरोखर मोठी आहे, ती म्हणजे एकच वस्तू दोनदा येत नाही. आपल्याकडे बारशाच्या संध्याकाळी चांदीच्या सात वाट्या आणि एकही लंगोट नाही, असा प्रकार कोणी पाहिला नसेल? पण दोषही तितकाच मोठा आहे. ती यादी दुकानदार सुचवितो, आणि दुकानदार आपल्याकडे जे विक्रीला आहे तेच सुचविणार.

दुकानदार नको आणि रूढीही नको, अशा तिसऱ्या मार्गाचा प्रयोग फिनलंड या उत्तरेकडील लहानशा देशाने केला, आणि त्याची हकीकत आपल्या कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. १९३० नंतरच्या दशकात तो देश गरीब होता आणि तेथे दर हजारी सुमारे ६५ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९३७ साली तेथे मातृसाहाय्याचा कायदा झाला आणि १९३८ पासून अल्प उत्पन्नाच्या मातांना रोख रक्कम, किंवा बाळाच्या वस्तूंचा संच, किंवा दोन्ही थोडे थोडे, असे साहाय्य मिळू लागले. १९४९ साली ते श्रीमंत-गरीब हा भेद न ठेवता सर्व मातांना खुले झाले. अट एकच होती: चौथा महिना संपण्यापूर्वी स्त्रीने डॉक्टरकडे किंवा नगरपालिकेच्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रात जाऊन आले पाहिजे. पेटीच्या लोभाने बायका तपासणीस येऊ लागल्या, आणि पेटीतील कपड्यांपेक्षा त्या तपासणीचाच उपयोग अधिक झाला असावा असे मला वाटते. ज्या खोक्यातून वस्तू येत त्याच्या तळाशी लहानशी गादी घातलेली असे. वस्तू काढून घेतल्या की तेच खोके बाळाचा पहिला बिछाना होई. कित्येक घरी पाळणा घेण्याची ऐपत नव्हती, तेथे मूल आईबापांच्या अंथरुणात चेंगरण्याऐवजी त्यात निजू लागले.

त्या पेटीतील यादी वर्षानुवर्षे कशी बदलत गेली हे पाहणे फार उद्बोधक आहे. प्रारंभी त्यात तयार कपड्यांऐवजी कापड असे, कारण आयांना शिवणाची सवय होती. दुसऱ्या महायुद्धात कापड सैन्याला लागू लागले तेव्हा पेटीत कागदाच्या चादरी आल्या. १९५७ साली कापड जाऊन शिवलेले कपडे आले. १९६९ साली वापरून फेकून द्यावयाचे लंगोट आले. पुढे, कचरा फार होतो म्हणून ते काढून पुन्हा धुण्याचे सुती लंगोट घालण्यात आले. आईने अंगावर पाजावे म्हणून दुधाची बाटली वगळली गेली. मुलाला वाचनाची गोडी लागावी म्हणून चित्रांचे पुस्तक घातले गेले. कपड्यांचे रंग मुलगा-मुलगी दोघांना चालतील असेच निवडले जातात. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, असा जन्माच्या पहिल्या तासापासूनच भेद करणाऱ्या आपल्या समाजाने हा शेवटचा तपशील दोनदा वाचावा. राजाच्या नातवाला आणि मजुराच्या मुलाला एकच झबले, असे म्हणण्यास तेथे राजा नाही एवढीच अडचण. स्कॉटलंडनेही २०१७ सालापासून तशीच पेटी प्रत्येक बालकाला देण्यास सुरुवात केली. आपल्या देशात तामिळनाडूने २०१५ साली सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातेला सोळा वस्तूंचा संच देण्याची योजना काढली, तेलंगणाने २०१७ साली तिचे अनुकरण केले, आणि पुढे महाराष्ट्र शासनानेही पहिल्या बाळंतपणासाठी असा संच देण्याचे ठरविले. बाळंतविडा अशा रीतीने सरकारदरबारी पोहोचला.

दुधाच्या बाटलीचा उल्लेख वर आलाच आहे, तर तिच्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. कारण ही एक वस्तू चांगल्या घरच्या मंडळींकडूनही हौसेने भेट म्हणून नेली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी मे १९८१ मध्ये, मातेच्या दुधाऐवजी द्यावयाच्या पदार्थांच्या विक्रीविषयी आचारसंहिता स्वीकारली. भारताने त्याविषयी १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. भुकटीचे दूध आणि बाटल्या यांची जाहिरात करणे किंवा त्यांच्या विक्रीसाठी भेटी देणे या कायद्याने निषिद्ध आहे. हा निर्बंध विकणाऱ्यांवर आहे, आत्याबाईंवर नाही. तरीही नीट न उकळलेली बाटली आणि पाणी घालून पातळ केलेले दूध यांनी किती बालकांचा घात केला हे ध्यानी घेतले तर आत्याबाई दुसरे काही नेतील. चांदीचे बोंडले त्या मानाने सुरक्षित, कारण ते उघडे असते व घासता येते. पण पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे असे आता सांगतात, तेव्हा त्याचीही घाई नको.

याच न्यायाने मोहरीची उशी यादीतून काढावी लागेल. डोके वाटोळे व्हावे म्हणून ती घालीत. परंतु १९९१ साली इंग्लंडात आणि १९९४ साली अमेरिकेत, बालकाला उताणे निजवावे अशी मोहीम झाली आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या बालकांची संख्या पुष्कळ घटली. तेव्हापासून बिछाना सपाट, घट्ट आणि उशी-लोडाविना असावा हेच मत दृढ झाले आहे. अमेरिकेने २०२२ साली पाळण्याच्या कडेने बांधावयाच्या गाद्यांवरही कायद्याने बंदी घातली. मुलाला आत बसवून चाकांवर फिरविणारा नवा गाडा कॅनडाने २००४ साली निषिद्ध ठरविला, कारण मूल त्यासह जिन्यावरून कोसळते. आपला पंगुळगाडा मात्र या आरोपातून सुटतो. त्याला मूल मागून धरून उभे राहते, आत अडकून पडत नाही.

कोणत्याही यादीत न मोजलेली, पण सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे नाळ कापण्याचे स्वच्छ पाते आणि स्वच्छ दोरा. गंजलेल्या विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने किती मुले गेली याची गणती नाही. गरोदर स्त्रीला लस, सुईणीला साबण, पाते व दोऱ्याचे पुडके आणि प्रसूतिगृहांचा प्रसार, या उपायांनी २०१५ साली भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. बाळंतविड्याच्या दीर्घ इतिहासात याहून मोठी भेट कोणी दिली असेल असे वाटत नाही.

आता एक कटू विषय. बाळंतविडा हा मायेने द्यावयाचा. परंतु पुष्कळ घरी तो मोजून घेतला जातो. वाळे चांदीचे की मुलाम्याचे, साखळी किती तोळ्यांची, सासूबाईंना साडी कोणती, यावरून बाळंतीण सासरी परतल्यावर तिला बोलणी खावी लागतात. हुंडाबंदीचा कायदा १ जुलै १९६१ रोजी अमलात आला, आणि लग्नानंतर केव्हाही केलेली मागणी त्यात यावी म्हणून पुढे व्याख्याही रुंदावली गेली. तथापि २००१ साली पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की मुलाच्या जन्माप्रसंगी रूढीनुसार दिल्या जाणाऱ्या देण्याघेण्याचा समावेश हुंड्याच्या व्याख्येत होत नाही. न्यायाच्या दृष्टीने तो अर्थ बरोबरच असेल, कारण प्रेमाच्या भेटीला कायद्याने गुन्हा ठरवून कसे चालेल? पण त्याचा परिणाम असा की लग्नात हुंडा न घेतल्याचा अभिमान मिरविणारे घर बारशाच्या दिवशी तोच हिशेब निर्वेधपणे पुरा करून घेऊ शकते. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे नात्यागोत्यातील माणसांचाच शब्द चालतो. आणि विड्याची ताटे मांडून ठेवून आल्यागेल्याला दाखविण्याची पद्धत आपण बंद केली तर मागण्याची इच्छा पुष्कळ अंशी आपोआप मावळेल. मी स्वतः तर याहून एक पाऊल पुढे जाईन: यादी सासरच्यांनी करूच नये. ती बाळंतिणीने करावी, तिच्या आईला सांगावी, आणि आईने बहिणी-भावजयांत वाटून द्यावी. परदेशी पद्धतीतील सोय तेवढी यात येते आणि दुकानदार बाहेर राहतो.

अशी यादी करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो. निरोगी बालकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. म्हणून अगदी लहान मापाची झबली चार-पाच पुरेत, भेट नेणाऱ्याने सहा महिन्यांच्या व वर्षाच्या मापाची न्यावीत. गळ्याशी बांधावयाचे लांब बंद आणि सुटी होणारी बटणे टाळावीत. दुपटी आणि लंगोट कधीही अधिक होत नाहीत. धातूचे वाळे बारीक कडांचे नसावेत व घुंगरू सैल नसावे, नाहीतर ते तोंडात जाते. संहितेने हे सांगितलेच आहे. ज्यांना सोने द्यावयाचे आहे त्यांनी तेवढी रक्कम बाळाच्या नावे टपाल कचेरीत ठेवली तरी चालेल. ज्यांच्यापाशी पैसा बेताचा पण वेळ आहे अशा नातलग स्त्रीने पंधरा दिवस दुपारचा स्वयंपाक करून नेला, तर ती भेट बाळंतीण जन्मभर विसरणार नाही. पाळणा मात्र कोणी विकत आणू नये. नात्यातील कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर तो असतोच. खाली काढून, धुऊन-पुसून, त्याच्या दोऱ्या तेवढ्या नव्या घालाव्यात.